पलीकडचा कॉम्प्युटर उघडत नाही तेव्हा

रिमोट डेस्कटॉपने दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडायला गेलं आणि जमलं नाही, की विंडोज एक खिडकी दाखवतं. तिच्यात तीन कारणं दिलेली असतात: पलीकडे रिमोट ॲक्सेस चालू केलेला नाही, पलीकडचा कॉम्प्युटर बंद आहे, किंवा तो नेटवर्कवर सापडत नाही. बहुतेक जण ही खिडकी न वाचताच ‘ओके’ दाबतात आणि इंटरनेटवर उपाय शोधू लागतात. कुणी रजिस्ट्रीत बदल करायला सांगतं, कुणी फायरवॉल बंद करायला, कुणी राउटरमध्ये पोर्ट उघडायला. तासाभराने जोडणी तर झालेली नसतेच, वर आपण काय काय बदललं याचा हिशोबही लागत नाही.

त्या खिडकीतली तीन कारणं मला फार उपयोगी वाटतात. घरातल्या बहुतांश अडचणी खरोखर त्या तिघांतच बसतात. त्यामुळे कुठलंही सेटिंग बदलण्याआधी जोडणी नेमकी कुठल्या टप्प्यावर अडली आहे ते ओळखायचं आणि हात घालायचा तो फक्त त्याच टप्प्यावर, एवढी शिस्त मी सगळ्यांना आग्रहाने सांगतो.

घरगुती वापरात ही सोय कुणाला लागते? हिशोबाचं टॅली वरच्या खोलीतल्या डेस्कटॉपवर आहे आणि काम खाली बसून लॅपटॉपवर करायचं आहे, अशांना. डीटीपीचं सॉफ्टवेअर आणि त्याचे फॉन्ट एकाच मशीनवर आहेत, पण मुक्काम चार दिवस गावी आहे, अशांना. जुना पण दमदार डेस्कटॉप घरी आणि हलका लॅपटॉप पिशवीत, अशा विद्यार्थ्यांना. या लेखात ज्याच्यासमोर तुम्ही बसला आहात त्याला मी अलीकडचा कॉम्प्युटर म्हणेन आणि ज्याच्यावर जायचं आहे त्याला पलीकडचा.

आधी आवृत्ती बघा

विंडोजची होम आवृत्ती पलीकडचा कॉम्प्युटर होऊ शकत नाही. त्यासाठी प्रो, एंटरप्राइज किंवा एज्युकेशन आवृत्ती लागते. होमवरून दुसऱ्या कॉम्प्युटरवर जाता येतं, पण दुसऱ्याला होमवर येता येत नाही. ही विभागणी नवी नाही. २००१ मध्ये एक्सपी आलं तेव्हाही रिमोट डेस्कटॉप प्रोफेशनलमध्ये होतं आणि होममध्ये नव्हतं. दुकानातून घेतलेल्या बऱ्याच घरगुती लॅपटॉपवर होमच असतं आणि ते विकत घेताना कुणी सांगत नाही. म्हणून पलीकडच्या कॉम्प्युटरवर सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट या क्रमाने जाऊन आवृत्ती वाचा. होम असेल तर पुढची सगळी खटपट व्यर्थ आहे.

होमवरही रिमोट डेस्कटॉप चालू करून देणारी फुकट जोड-सॉफ्टवेअर मिळतात. ती वापरू नका असं मी स्पष्ट सांगेन. विंडोजचं मोठं अपडेट आलं की ती मोडतात, अँटिव्हायरस त्यांच्यावर आक्षेप घेतो, आणि लॉगिनच्या यंत्रणेत कुणा अनोळखी माणसाची फाइल घुसवणं हे मुळातच धोक्याचं आहे. होम असेल तर क्रोम रिमोट डेस्कटॉप किंवा रस्टडेस्क यांसारखा वेगळा मार्ग घ्या. ते होमवर व्यवस्थित चालतात.

इथेच आणखी एक गोष्ट. आईबाबांच्या कॉम्प्युटरवर काहीतरी अडलं आहे, त्यांना ते दाखवत दाखवत सोडवायचं आहे, तर रिमोट डेस्कटॉप हे त्यासाठीचं साधनच नव्हे. त्यात तुम्ही आत गेलात की त्यांच्यासमोरचा पडदा कुलूपबंद होतो, त्यांना काही दिसत नाही. त्यांच्या विंडोजमध्ये ‘क्विक असिस्ट’ शोधा. विंडोजचं बटण, कंट्रोल आणि क्यू एकत्र दाबलं की ते उघडतं. मदत करणाऱ्याला मायक्रोसॉफ्ट खात्याने आत यावं लागतं, मग एक कोड मिळतो, तो फोनवर सांगायचा. ज्यांना मदत हवी त्यांना खातं लागत नाही, आणि दोघांना एकच पडदा दिसतो.

पासवर्डची खिडकी आली का?

निदानाचा सगळ्यात उपयोगी प्रश्न हाच. पासवर्ड साठवलेला नसेल तर ‘कनेक्ट’ दाबल्यावर अलीकडचा कॉम्प्युटर आधी पलीकडच्यापर्यंत पोचायचा प्रयत्न करतो, आणि पोचला तरच नाव-पासवर्ड विचारतो. त्यामुळे पासवर्ड न विचारताच चूक दाखवली तर अडचण रस्त्यात आहे: नेटवर्क, फायरवॉल, झोपलेला कॉम्प्युटर, चुकीचा पत्ता. पासवर्ड विचारला आणि मग नाकारला, तर रस्ता पूर्ण मोकळा आहे आणि अडचण खात्यात आहे. अशा वेळी राउटरला हात लावायचं काहीच कारण नाही. आणि आत गेलात पण पडदा काळा आहे, सगळं अडखळतंय, मराठी टाइप होत नाही, तर तो तिसराच प्रकार.

रस्त्यातली अडचण आधी घेऊ, कारण ती सर्वांत जास्त वेळा भेटते.

दोन्ही कॉम्प्युटर एकाच घरात ठेवूनच तपासणी सुरू करा. घरात जे जुळत नाही ते बाहेरून जुळणार नाही. पलीकडच्या कॉम्प्युटरवर सेटिंग्ज, सिस्टिम, रिमोट डेस्कटॉप इथला खटका चालू आहे का पाहा. मग कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग हा शब्द इंग्रजीत सलग टाइप करा आणि ‘आयपीव्ही४ ॲड्रेस’ या ओळीतला आकडा कागदावर लिहून घ्या. घरात तो साधारणपणे १९२.१६८ ने सुरू होतो, काही राउटरांवर १० ने. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्या कॉम्प्युटरला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही. केबल सैल असेल, नाहीतर वायफाय तुटलेलं असेल. तिथेच थांबून ते आधी सोडवा.

आता अलीकडच्या कॉम्प्युटरवरून नावाऐवजी हा आकडा टाकून जोडून पाहा. आकड्याने जुळलं आणि नावाने नाही, तर बिघाड फक्त नाव शोधण्यात आहे आणि तुम्ही आकड्यावर काम भागवू शकता. आकड्यानेही जुळलं नाही तर पिंग करून पाहण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो. पिंगला उत्तर आलं तर चांगलंच. पण उत्तर आलं नाही म्हणून कॉम्प्युटर पोचण्यापलीकडे आहे असा निष्कर्ष काढू नका. विंडोजची फायरवॉल पुष्कळदा पिंगला गप्प बसवते आणि रिमोट डेस्कटॉप मात्र सोडते.

त्यापेक्षा नेमकी चाचणी पॉवरशेलमध्ये आहे. रिमोट डेस्कटॉप ३३८९ या पोर्टवर ऐकत असतं. पॉवरशेल उघडून टेस्ट, आडवी रेघ आणि नेटकनेक्शन असं इंग्रजीत सलग लिहा, मोकळी जागा सोडून पलीकडचा आकडा, पुन्हा मोकळी जागा, आडवी रेघ लावून पोर्ट, आणि शेवटी ३३८९. उत्तराच्या शेवटच्या ओळीत ‘ट्रू’ आलं तर रस्ता खुला आहे. ‘फॉल्स’ आलं तर खालच्यांपैकी काहीतरी आहे.

पहिली शक्यता झोपेची. झोपलेला कॉम्प्युटर जोडणी घेत नाही. पडदा बंद होणं वेगळं आणि कॉम्प्युटर स्लीपमध्ये जाणं वेगळं. पडदा खुशाल बंद होऊ द्या, पण पॉवरच्या सेटिंगमध्ये, चार्जर किंवा वीज जोडलेली असताना स्लीप ‘नेव्हर’ ठेवा. पलीकडे लॅपटॉप असेल तर झाकण मिटल्यावर काय करायचं हेही तिथेच ठरवावं लागतं.

दुसरी शक्यता नेटवर्कच्या प्रकाराची. नवं वायफाय जोडताना विंडोज त्याला ‘पब्लिक’ किंवा ‘प्रायव्हेट’ मानतं. पब्लिक म्हणजे रेल्वे स्टेशनवरचं असावं तसं, अविश्वासाचं. घरचं नेटवर्क प्रायव्हेट करा. मग फायरवॉलमध्ये ‘अलाऊ ॲन ॲप’ या यादीत रिमोट डेस्कटॉपसमोर प्रायव्हेटच्या रकान्यात खूण आहे का बघा. अँटिव्हायरस विकत घेतलेला असेल तर त्याची स्वतःची फायरवॉल असू शकते, आणि मग विंडोजच्या यादीत सगळं बरोबर दिसूनही दार बंद असतं. फायरवॉल अख्खी बंद करून पाहणं हा निदानापुरता, घरच्या घरी, दोन मिनिटांचा प्रयोग म्हणून ठीक आहे. तो तसाच विसरून राहिला तर मात्र कॉम्प्युटर उघडा पडतो.

तिसरी शक्यता मला महाराष्ट्रातल्या घरांत फार दिसते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. फायबर कंपनी भिंतीवर जी पेटी लावून जाते ती आजकाल स्वतःच राउटर असते, तिचं स्वतःचं वायफाय असतं. मागच्या खोलीत रेंज पोचत नाही म्हणून आपण आणखी एक राउटर आणतो आणि त्या पेटीतून केबल काढून त्याला देतो. आता घरात दोन वेगळी नेटवर्क तयार झाली. पुढच्या खोलीतला लॅपटॉप पेटीच्या वायफायवर, मागचा डेस्कटॉप नव्या राउटरवर. दोघांवर इंटरनेट उत्तम चालतं, म्हणून कुणाला शंका येत नाही. पण पेटीकडच्या लॅपटॉपला नव्या राउटरमागचा डेस्कटॉप दिसूच शकत नाही. उलट दिशेने मात्र बहुधा जातं. ‘याच्यावरून त्याच्यावर जाता येतं, पण त्याच्यावरून याच्यावर नाही’ अशी तक्रार असली की माझं पहिलं बोट इथेच जातं.

ओळखायची खूण सोपी: दोन्ही कॉम्प्युटरांचे आकडे शेजारी ठेवा. एकाचा १९२.१६८.१ ने आणि दुसऱ्याचा १९२.१६८.० ने सुरू होत असेल तर ते वेगळ्या नेटवर्कवर असण्याचीच शक्यता जास्त. उपाय म्हणजे दुसऱ्या राउटरला त्याच्या सेटिंगमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट मोड’मध्ये टाकायचं. मग तो फक्त वायफाय पसरवतो, वेगळं नेटवर्क उभं करत नाही. काही राउटरांत हा मोड नसतो. तेव्हा त्यातली पत्ते वाटायची यंत्रणा, म्हणजे डीएचसीपी, बंद करा, त्याला पेटीच्या रांगेतला पण कुणालाच न दिलेला पत्ता द्या, आणि केबल ‘वॅन’ऐवजी ‘लॅन’ खाचेत लावा.

याचाच धाकटा भाऊ म्हणजे गेस्ट वायफाय. पाहुण्यांसाठीचं नेटवर्क उपकरणांना एकमेकांपासून मुद्दाम लपवून ठेवतं. ‘एपी आयसोलेशन’ नावाचं सेटिंगही तेच करतं. दोन्ही कॉम्प्युटर मुख्य वायफायवरच असू द्या, आणि पलीकडच्याला जमलं तर केबल लावा.

अलीकडचा लॅपटॉप नोकरीच्या ठिकाणचा असेल तर त्याच्यावरचा ऑफिसचा व्हीपीएन एकदा तोडून पाहा. पुष्कळ ऑफिसांचे व्हीपीएन घरातल्या नेटवर्कचीही वाट बंद करतात, आणि ती सेटिंग आपल्या हातात नसते.

काल चाललं, आज नाही, ही तक्रार बहुधा वीज गेल्यानंतरची असते. राउटर पुन्हा सुरू झाला की तो पत्ते नव्याने वाटू शकतो आणि डेस्कटॉपचा कालचा आकडा आज प्रिंटरला मिळालेला असतो. राउटरमध्ये ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ नावाची सोय शोधा आणि डेस्कटॉपला एक आकडा कायमचा देऊन टाका. पाच मिनिटांचं काम आहे.

पासवर्ड नाकारला जातो

इथे सर्वांत जास्त माणसं पिनमुळे अडतात. रोज सकाळी चार आकडे टाकून कॉम्प्युटर उघडतो, म्हणून तेच आकडे रिमोट डेस्कटॉपला दिले जातात. पिन त्या एका मशीनपुरता असतो, त्याच्यासमोर बसूनच चालतो. बाहेरून यायचं तर खात्याचा खरा पासवर्ड लागतो.

तो पासवर्ड बरोबर टाकूनही नाकारला गेला तर आणखी एक बारकावा आहे. पलीकडच्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्ट खातं आहे आणि पहिल्या दिवसापासून फक्त पिन किंवा बोटाचा ठसा वापरला आहे, तर त्या मशीनने तुमचा पासवर्ड कधी पाहिलेलाच नसतो. सेटिंग्जमध्ये अकाउंट्स, साइन-इन ऑप्शन्स इथे ‘फक्त विंडोज हॅलो’चा आग्रह धरणारा खटका बंद करा, साइन आउट व्हा, आणि एकदा पासवर्ड टाकून आत या. त्यानंतर रिमोटने जमतं. वापरकर्त्याचं नाव लिहिताना आधी मायक्रोसॉफ्टअकाउंट हा शब्द इंग्रजीत सलग, मग उलटी तिरकी रेघ, मग पूर्ण ईमेल असं लिहिलं की गोंधळ राहत नाही.

ज्या खात्याला पासवर्डच नाही ते खातं बाहेरून कधीच चालत नाही. विंडोज मुळातच बिनपासवर्डच्या खात्याला फक्त समोर बसून आत येऊ देतं. घरातल्या जुन्या डेस्कटॉपवर असं खातं हमखास असतं. हा नियम शिथिल करायची सेटिंग अस्तित्वात आहे, पण तिला हात न लावता पासवर्ड ठेवावा.

या सगळ्यावर माझा आवडता उपाय म्हणजे रिमोटसाठी एक वेगळं स्थानिक खातं. ते ॲडमिनिस्ट्रेटर नको, साधं असू दे, त्याला लांब पासवर्ड द्या, आणि रिमोट डेस्कटॉपच्या पानावरच्या ‘रिमोट डेस्कटॉप युजर्स’ या यादीत त्याचं नाव घाला. ॲडमिनिस्ट्रेटर खात्यांना आपोआप परवानगी असते, साध्या खात्याला ती द्यावी लागते. हे नाव यादीत घालायचं राहिलं तर पासवर्ड बरोबर असूनही परवानगी नसल्याचा संदेश येतो. अर्थात टॅलीचा डेटा किंवा तुमच्या फायली मूळ खात्यात असतील तर त्या या खात्याला दिसतील अशा ठिकाणी ठेवाव्या लागतात, हे आधी ठरवून घ्या.

पासवर्ड नुकताच बदलला असेल तर अलीकडच्या कॉम्प्युटरने जुना साठवून ठेवला आहे का बघा. कंट्रोल पॅनेलमधल्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये विंडोज क्रेडेन्शियल्सखाली पलीकडच्या कॉम्प्युटरची नोंद सापडेल, ती काढून टाका. आणि रागाच्या भरात पुन्हा पुन्हा प्रयत्न करू नका. विंडोज ११ च्या २२एच२ पासूनच्या नव्या इन्स्टॉलेशनमध्ये १० वेळा चुकलं की खातं १० मिनिटं बंद राहतं, आणि मग बरोबर पासवर्डही नाकारला जातो.

दोन संदेश थोडे वेगळे आहेत. एकात तारीख किंवा वेळ जुळत नसल्याचं लिहिलेलं असतं. जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरची नाण्याएवढी सीआर२०३२ बॅटरी संपली की वीज गेल्यावर त्याचं घड्याळ मागे जातं आणि विंडोज त्याची ओळख मान्य करत नाही. बॅटरी स्वस्त आहे, बदलून टाका. दुसऱ्यात क्रेडएसएसपी असा शब्द येतो. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने लॉगिनच्या यंत्रणेतली एक त्रुटी बुजवली आणि त्या वर्षीच्या मे महिन्याच्या अपडेटपासून, ती न बुजवलेल्या मशीनशी जोडणी नाकारायला सुरुवात केली. त्यामुळे हा संदेश आला तर दोघांपैकी एक कॉम्प्युटर वर्षानुवर्षं अपडेट झालेला नाही. इंटरनेटवर सुरक्षा सैल करायचे उपाय मिळतील. ते न करता दोन्हीकडे अपडेट करा.

प्रमाणपत्रावर विश्वास ठेवता येत नाही, अशी पिवळी सूचना मात्र घरात नेहमीची आहे. पलीकडच्या कॉम्प्युटरने स्वतःचं प्रमाणपत्र स्वतःच बनवलेलं असतं म्हणून ती येते. आपल्याच घरात, आपल्याच आकड्यावर जोडत असाल तर पुढे जायला हरकत नाही.

घराबाहेरून

आता गावाहून, दुसऱ्या शहरातून किंवा परदेशातून घरच्या डेस्कटॉपवर यायचं आहे. इथे सर्वाधिक सापडणारा सल्ला म्हणजे राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग करून ३३८९ बाहेरच्या जगाला उघडं करा. कृपा करून हे करू नका. उघडं ३३८९ शोधत फिरणारे प्रोग्रॅम इंटरनेटवर अहोरात्र चालू असतात. ते पासवर्डांचा मारा करतात, आणि कुठे घुसता आलं तर फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर पेरलं जातं. मे २०१९ मध्ये ब्लूकीप नावाची त्रुटी उघड झाली. तिच्यात जुन्या विंडोजवर पासवर्डशिवाय रिमोट डेस्कटॉपमधून शिरता येत होतं, आणि ती इतकी गंभीर होती की मायक्रोसॉफ्टने कधीच निवृत्त केलेल्या एक्सपीसाठीही दुरुस्ती काढली. पोर्टचा क्रमांक बदलून ३३९० केल्याने सुरक्षितता येत नाही. शोधणारे सगळे क्रमांक तपासतात. तुमच्या डेस्कटॉपवर विंडोज १० असेल तर त्याचा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हेही लक्षात घ्या.

शिवाय आपल्याकडच्या कितीतरी जोडण्यांवर पोर्ट फॉरवर्डिंग चालतच नाही. पत्ते अपुरे पडतात म्हणून इंटरनेट कंपन्या अनेक ग्राहकांना मिळून एकच जाहीर पत्ता देतात. याला सीजीनॅट म्हणतात. राउटरच्या पानावर ‘वॅन आयपी’ बघा. तो १००.६४ ते १००.१२७ या टप्प्यातला असेल, किंवा १० ने सुरू होत असेल, किंवा ‘माझा आयपी काय’ असं इंटरनेटवर विचारल्यावर मिळणाऱ्या आकड्याशी जुळत नसेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे असण्याची दाट शक्यता आहे. तासन्‌तास राउटरशी झगडणाऱ्या माणसाला हे कुणीतरी पहिल्या पाच मिनिटांत सांगायला हवं.

दोन्ही अडचणींवर एकच मार्ग मला पटतो: दोन्ही कॉम्प्युटरांवर टेलस्केलसारखी खाजगी नेटवर्क बनवणारी सेवा टाकायची. ती वायरगार्ड या व्हीपीएन तंत्रावर चालते, सीजीनॅटमागूनही वाट काढते आणि प्रत्येक कॉम्प्युटरला १०० ने सुरू होणारा एक कायमचा आकडा देते. रिमोट डेस्कटॉपमध्ये तोच आकडा टाकायचा. राउटरमध्ये काही उघडावं लागत नाही. मात्र पलीकडच्या विंडोजवर टेलस्केलच्या प्रेफरन्सेसमध्ये ‘रन अनअटेंडेड’ चालू करायला विसरू नका. नाहीतर रात्री अपडेटमुळे कॉम्प्युटर रीस्टार्ट झाला की तो लॉगिनच्या पडद्यावर थांबतो, टेलस्केल सुरू होत नाही, आणि तुम्ही तीनशे किलोमीटरवर हात चोळत बसता.

स्वतःच्या राउटरवर वायरगार्ड किंवा दुसरा व्हीपीएन लावणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच बदलून ठेवावी. घरचं नेटवर्क १९२.१६८.१ असतं, आणि तुम्ही जिथे मुक्कामाला आहात तिथलंही नेमकं तेच. व्हीपीएन जुळतो, पण कॉम्प्युटर घरचा डेस्कटॉप मुक्कामाच्या ठिकाणच्या नेटवर्कवरच शोधत राहतो. घरच्या राउटरवर १९२.१६८.५७ असा आडवळणाचा आकडा ठेवला की हा घोळ जवळजवळ संपतो.

निघण्याआधी मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून एकदा जोडून पाहा. घरातल्या वायफायवरून केलेली चाचणी बाहेरून जुळेल याची खात्री देत नाही. विजेचाही विचार आधीच करा. राउटर आणि फायबरची पेटी दोन्ही इन्व्हर्टरवर हव्यात, एक असून उपयोग नाही. डेस्कटॉपच्या बायोसमध्ये वीज परत आल्यावर काय करायचं याची सेटिंग असते. तिचं नाव बहुधा ‘रिस्टोर ऑन एसी पॉवर लॉस’ असं काहीसं असतं. तिथे ‘पॉवर ऑन’ निवडलं की लाइट आल्यावर डेस्कटॉप आपोआप सुरू होतो. घरात कुणी असेल तर त्यांनाही सांगून ठेवा. ते दुसऱ्या खात्याने त्या कॉम्प्युटरवर बसले असतील आणि तुम्ही बाहेरून आलात, तर त्यांना एक प्रश्न दिसतो, आणि अर्ध्या मिनिटात उत्तर दिलं नाही तर त्यांचं सत्र बाजूला सारलं जातं.

आत गेलात, पण नीट चालत नाही

काळा पडदा दिसला तर थोडं थांबा, मग कंट्रोल, ऑल्ट आणि एंड दाबा. कंट्रोल-ऑल्ट-डिलीट अलीकडच्या कॉम्प्युटरलाच लागू होतं, पलीकडच्यासाठी डिलीटऐवजी एंड. त्यातून टास्क मॅनेजर उघडून विंडोज एक्सप्लोरर रीस्टार्ट केलं की पडदा बऱ्याचदा परत येतो. वारंवार होत असेल तर पलीकडचा ग्राफिक्स ड्रायव्हर अपडेट करा, आणि अलीकडे जोडणीच्या ‘एक्सपीरियन्स’ टॅबमधलं ‘पर्सिस्टंट बिटमॅप कॅशिंग’ बंद करून पाहा.

मधेच चित्र गोठतं आणि जोडणी तुटल्याचा संदेशही येत नाही, हा प्रकार विंडोज ११ वर विशेषतः व्हीपीएनमधून जाणवतो. रिमोट डेस्कटॉप टीसीपी आणि यूडीपी अशा दोन्ही पद्धतींनी बोलतं आणि काही वाटांवर यूडीपी नीट चालत नाही. अलीकडच्या कॉम्प्युटरवर ग्रुप पॉलिसी एडिटरमध्ये रिमोट डेस्कटॉप कनेक्शन क्लायंटखाली ‘टर्न ऑफ यूडीपी ऑन क्लायंट’ आहे, ते चालू करून बघा. नुसतं संथ चालत असेल तर घरच्या इंटरनेटचा अपलोड वेग तपासा. पलीकडून चित्र तुमच्याकडे येतं म्हणजे घरून ते वर चढतं, त्यामुळे मोठ्या डाउनलोड वेगाचा इथे फायदा नाही. पार्श्वचित्र बंद केलं, रिझोल्यूशन उतरवलं की फरक पडतो.

मराठी टाइप करणाऱ्यांसाठी एक खास अडचण आहे. विंडोजचं बटण आणि स्पेस दाबून आपण देवनागरी कीबोर्ड घेतो, पण रिमोटची खिडकी पूर्ण पडद्यावर नसेल तर तो बदल अलीकडच्या कॉम्प्युटरवर होतो. पलीकडे इंग्रजीच राहतं किंवा भलतीच अक्षरं उमटतात. जोडण्याआधी ‘लोकल रिसोर्सेस’ टॅबमध्ये कीबोर्डखाली या बटणांच्या जोड्या पलीकडच्या कॉम्प्युटरला द्यायचं निवडा, अलीकडे इंग्रजी ठेवा आणि भाषा फक्त पलीकडे बदला. कॉपी-पेस्ट अचानक थांबलं तर पलीकडच्या टास्क मॅनेजरमध्ये आरडीपीक्लिप बंद करून पुन्हा चालवा. डोंगल लागणारी काही सॉफ्टवेअर रिमोट सत्र ओळखून चालायलाच नकार देतात. तिथे लायसन्सची अट बघावी लागते, सेटिंगने ते सुटत नाही.

कुणी फोनवर ॲप टाकायला सांगितलं तर

बँकेतून, वीज कंपनीतून, केवायसीसाठी बोलतो असं सांगून स्क्रीन शेअरिंगचं ॲप टाकायला लावणारे फोन अजूनही येतात. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने एनीडेस्कच्या अशा गैरवापराबद्दल बँकांना सावध केलं होतं. ॲपमध्ये दोष नसतो, आपण वाचून दाखवलेला कोड समोरच्याच्या हाती फोन सोपवतो. तुम्ही स्वतः मदत मागितली नसेल तर कोड कुणालाही सांगू नका, घरातल्या मोठ्यांनाही हे नीट समजावून सांगा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या क्रमांकावर कळवा. जितक्या लवकर कळेल तितकी रक्कम पुढे सरकण्याआधी अडवण्याची शक्यता जास्त.

आपल्या कॉम्प्युटरवर रिमोट डेस्कटॉपने कोण कधी आलं हेही बघता येतं. पलीकडच्या कॉम्प्युटरवर इव्हेंट व्ह्यूअर उघडा. ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, टर्मिनलसर्व्हिसेस-लोकलसेशनमॅनेजर, ऑपरेशनल अशी वाट आहे. तिथे २१ क्रमांकाची नोंद म्हणजे कुणी लॉगिन केलं, २४ म्हणजे जोडणी तुटली, २५ म्हणजे पुन्हा जुळली. २१ आणि २५ सोबत कुठल्या आकड्यावरून आलं तेही लिहिलेलं असतं, समोर बसून केलेलं असेल तर तिथे ‘लोकल’ दिसतं. फसलेले प्रयत्न विंडोज लॉग्जमधल्या सिक्युरिटीत ४६२५ क्रमांकाने सापडतात. अनोळखी आकड्यांवरून ४६२५ च्या रांगा दिसल्या तर तुमचं ३३८९ कुठूनतरी बाहेर उघडं आहे. राउटरच्या पोर्ट फॉरवर्डिंगच्या यादीत ती ओळ शोधा आणि काढून टाका.